सुभेदारसाहेबांची वही

इंदूर,
कोजागिरी पौर्णिमा

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली आजोबांवरची चार पानं मी दोनदा वाचली. पहिल्यांदा सवयीने लाल पेन घेऊन बसले होते. दुसऱ्यांदा पेन मिटून ठेवलं. तीस वर्षांहून जास्त काळ भिंतीला भिंत लावून राहिलेला माणूस मी त्या पानांत शोधत होते आणि तो मला सापडत नव्हता.

रागावू नकोस. वर्षश्राद्धाच्या दिवशी तुला दहा मिनिटं बोलायचंय, स्मरणिकेतही तेच छापायचंय, म्हणून तू मनापासून लिहिलं आहेस हे दिसतं. पण पहिल्याच पानावर कर्तव्यनिष्ठ, शिस्तप्रिय, कुटुंबवत्सल, निःस्वार्थी, देशभक्त, समाजसेवक आणि मितभाषी असे सात शब्द एका दमात आले आहेत. यातला एकही खोटा नाही. पण हेच सात शब्द आपल्या लोकमान्यनगरातल्या निम्म्या आजोबांच्या फोटोखाली बसतील. तुझे आजोबा ज्यांनी पाहिलेच नाहीत, त्यांना या शब्दांतून कोण दिसेल?

खरं धन तू पानांच्या शेवटी, जाता जाता पाठवलं आहेस. त्या निळ्या वहीचा फोटो आणि खाली तुझा प्रश्न : ‘बाई, हे सहा-सहा आकडे काय आहेत? फोन नंबर असावेत. हे द्यायची गरज नाही ना?’

बाळ, ते फोन नंबर नाहीत. १०१४३० म्हणजे दहा तारीख, दुपारचे दोन वाजून तीस मिनिटं. आजोबा फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन दलात होते. तिथे प्रत्येक संदेशाच्या माथ्यावर तारीख आणि वेळ अशी सहा आकड्यांत लिहितात. त्यावरून संदेश केव्हा निघाला, हातात केव्हा आला, पुढे केव्हा गेला याचा हिशेब लागतो. अठ्ठावीस वर्षं हाताला पडलेलं ते वळण निवृत्तीनंतर सुटलं नाही. त्या वहीत त्यांनी लोकांची कामं लिहिली आहेत. पहिल्या रकान्यात काम केव्हा कळलं, दुसऱ्यात कागद कुणाकडे केव्हा पाठवला, आणि तिसऱ्यात ‘पोचलं’. तिसऱ्या रकान्यात आकडा पडेपर्यंत ते काम त्यांच्या लेखी झालेलं नसे. ‘मी पाठवलं’ असं म्हणणाऱ्या माणसाचा त्यांना मनस्वी राग येई. विचारायचे, ‘पाठवलंत हो, पण पोचलं का?’

या वहीतली बरीच पत्रं मी पाहिली आहेत. संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येत, चष्मा पुसत आणि म्हणत, ‘बाई, जरा इंग्रजी तपासून द्या.’ बहुतेक पत्रं जवानांच्या विधवांची असत. घोळ सहसा एकच असे, आणि तो आपल्याकडच्या एका गोड रीतीतून झालेला. आपल्यात लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने सुनेचं नवं नाव लिहितात. नवऱ्याने युनिटमध्ये माहेरचं नाव नोंदवलेलं, आणि रेशनकार्डावर, बँकेत, मतदार यादीत तांदळातलं नाव. तो जिवंत असेपर्यंत कुणाला फरक पडत नाही. तो गेला की कागदोपत्री ती बाई त्याची बायकोच उरत नाही. सुभेदारसाहेब म्हणत, ‘तांदळात लिहिलेल्या नावाची पार्ट टू ऑर्डर निघत नाही.’ जवानाचं लग्न झालं, मूल झालं, की पलटणीच्या दफ्तरात ज्या आदेशाने त्याची नोंद होते, तो पार्ट टू ऑर्डर. तिथे चूक राहिली की शपथपत्र, मग रेकॉर्ड ऑफिस, मग प्रयागराजचं पेन्शन कार्यालय, अशी ती बाई फिरत राहते. सिग्नल्सचं रेकॉर्ड ऑफिस जबलपूरला, बाकी पलटणींची आणखी कुठे कुठे. एका बाईचं पेन्शन सुरू व्हायला चौदा महिने लागले. ती नोंद वहीत आहे, शोध. दुसऱ्या रकान्यात अकरा तारखा आहेत आणि तिसऱ्यात एक.

‘समाजसेवक’ हा शब्द खोड आणि त्या जागी ही नोंद लिही. तिचं नाव-गाव मात्र देऊ नकोस. ते तिचं आहे.

आता फौजेबद्दल. तू लिहिलं आहेस, ‘१९७१ च्या युद्धात आजोबांनी ढाक्यात शत्रूला धूळ चारली.’ हे तुला कुणी सांगितलं? आजोबांनी नक्कीच नाही. त्यांच्या पदकांत ‘पूर्वी स्टार’ नावाचं पदक आहे, म्हणजे ते त्या वेळी पूर्व आघाडीवर होते. एवढंच ते पदक सांगतं, आणि तेवढं पुष्कळ आहे. ते वायरलेसवर होते. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं आणि पुढचे तेरा दिवस कानाला हेडफोन, हातात पेन्सिल, आणि मोर्सचा कडकट्ट. त्या दिवसांबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या तेव्हा ते ड्यूटी संपवून गाढ झोपले होते. सोबत्याने हलवून उठवलं आणि सांगितलं. ते म्हणाले, ‘बाई, एवढा मोठा निरोप, आणि तो मी घेतला नाही. दुसऱ्याच्या हातून गेला.’ चाळीस वर्षांनंतरही त्यांना त्याची हळहळ होती. हे लिही. धूळ चारणाऱ्या माणसापेक्षा हा झोपलेला जवान मला फार जवळचा वाटतो, आणि तो खरा आहे.

जिथे ते काही बोलले नाहीत, तिथे तूही काही भरू नकोस. १९६५ चंही तसंच. त्या वर्षाचं त्यांचं रक्षा मेडल आहे. ते त्या काळात सेवेत असलेल्या फार मोठ्या संख्येच्या जवानांना मिळालं. प्रत्यक्ष लढाईतल्यांसाठी समर सेवा स्टार वेगळा होता आणि तो आजोबांकडे नाही. तो नसल्याने ते कमी होत नाहीत, पण तू ‘दोन युद्धं लढलेले’ असं लिहिलंस आणि सभेत एखादा जुना फौजी बसलेला असला, तर त्याला लगेच कळेल. आजोबांना ते अजिबात सहन झालं नसतं.

खरी माहिती हवी तर दोन गोष्टी कपाटातून काढ. एक म्हणजे डिस्चार्ज बुक. त्यात भरतीची तारीख आहे, पदोन्नती आहेत, निवृत्ती आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर फौज वाढवत होते, तेव्हा १९६३ मध्ये एकोणीस वर्षांचा मुलगा भरती झाला आणि १९९१ मध्ये सुभेदार होऊन बाहेर पडला. शेवटची वर्षं इथे जवळच महूला, एमसीटीई या सिग्नल्सच्या लष्करी महाविद्यालयात नव्या पोरांना शिकवण्यात गेली. दुसरी गोष्ट म्हणजे पदकं. ती फक्त समोरून बघू नकोस. भिंगाने कडा बघ. कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं.

ही कडेची गोष्ट मला माहीत नव्हती, आणि ती कशी कळली हे तुला सांगणार आहे, कारण माझ्या हातून जे झालं ते तुझ्या हातून होऊ नये.

माझे वडील होळकरांच्या फौजेत होते. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं, पुढे त्यांनी ती नोकरी सोडली आणि मल्हारगंजात एका दुकानी हिशेब लिहू लागले. ते गेल्यावर बरीच वर्षं त्यांची काळी ट्रंक आमच्या माळ्यावर पडून होती. जुनं घर सोडताना दिवाळीच्या आधीची आवराआवर चालली होती, मुलं लहान होती, शाळेच्या परीक्षा होत्या. मी ती ट्रंक न उघडता रद्दीवाल्याला दिली. आत काय होतं हे मला आजही नीट माहीत नाही. दोन पदकं होती हे नक्की, लहानपणी मी त्यांच्याशी खेळले आहे.

हे मी एकदा सुभेदारसाहेबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं, ‘कडेवरचा नंबर आठवतो का?’ मी त्या पदकांशी खेळले होते, पण कड कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी मला दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी कोरा कागद घेऊन आले आणि वडिलांचं पूर्ण नाव, गाव, जे जे मला आठवत होतं ते लिहून घेऊन गेले. पुढे दोन वर्षं ते पत्रं पाठवत होते. कुठे कुठे पाठवली ते मला सांगितलंही नाही.

तर कपाट आवरण्याआधी सगळं बघ, प्रत्येक कागदाचा फोटो काढ, आणि मग आवर.

आता आजीकडे ये. तुझ्या चार पानांत आजी एकाच वाक्यात आहे : ‘त्यांना सुविद्य पत्नीची मोलाची साथ लाभली.’ बाळ, हे वाक्य तू तिच्यासमोर वाचून दाखवणार आहेस?

आजोबा अठ्ठावीस वर्षं फौजेत होते. महूची शेवटची वर्षं आणि मध्ये एक-दोन ठिकाणी मिळालेली क्वार्टर्स सोडली, तर बाकी सगळा काळ ते वर्षातून दोन महिने घरी असत. ‘कुटुंबवत्सल’ या शब्दाचा अर्थ या आकड्यासमोर ठेवून बघ. जो माणूस घरी नव्हता, त्याने घरावर प्रेम कसं केलं? मला विचारशील तर तुझ्या लेखाचा प्राण इथे आहे, आणि तो आजीच्या स्वयंपाकघरात फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेला आहे. त्या डब्यात मनीऑर्डरची कुपनं आहेत. कुपनावर निरोपासाठी चार ओळींची जागा असे. त्या चार ओळींत ते तुझ्या वडिलांना गणित घालत. ‘सतराचा पाढा उलटा लिहून पाठव.’ पत्ता ९९ एपीओ, म्हणजे लष्करी टपाल कार्यालय. मुलाने उत्तर लिहायचं, ते पूर्वेकडे कुठेतरी पोचायचं, आणि बरोबर-चूकचा शेरा पुढच्या कुपनावर यायचा. एका पाढ्याला कधी कधी दीड महिना लागे.

तुझे वडील तेराव्याच्या दिवशी आमच्याकडे पाणी प्यायला आले होते, तेव्हा म्हणाले, ‘बाई, मला ते पाढे नको होते. ऐकायला बाबा हवे होते.’ बरीच वर्षं त्यांच्या मनात राग होता, आणि तो कसा विरला हेही त्यांनाच ठाऊक. हे लिहायचं असेल तर आधी त्यांना विचार. नको म्हणाले तर लिहू नकोस. पण विचार जरूर. त्या निमित्ताने तुम्ही दोघं बोलाल, आणि ते स्मरणिकेत छापून येण्यापेक्षा मोठं आहे.

आजीला ‘आजोबा कसे होते?’ असं विचारू नकोस. ती ‘फार चांगले होते’ म्हणेल आणि डोळ्याला पदर लावेल. बारीक विचार. सुट्टी संपली की स्टेशनवर पोचवायला कोण जायचं? ती सांगेल की मीटरगेजची गाडी असे, महू सोडलं की पातालपाणी-कालाकुंडचा घाट उतरून खांडव्याला, आणि तिथे मोठ्या लाइनची गाडी पकडायची. डब्यात काय द्यायची? शेंगदाण्याची चटणी आणि इथली लवंगी शेव, ती म्हणे सोबती पहिल्याच दिवशी संपवत. ते घरी येत तेव्हा काय होई, तेही विचार. ते आले की डाळी-मसाल्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून ओळीने लावत. आजी काही बोलत नसे. गाडी सुटली की घरी येऊन सगळे डबे आपल्या जागी परत ठेवी. हे तिने मला हसत सांगितलं आहे, तुलाही सांगेल.

आणि एक प्रश्न हळूच विचार : पत्रात ‘इकडे सर्व कुशल’ असं लिहायचीस, ते कितीदा खरं होतं? तुझ्या वडिलांना विषमज्वर झाला तेव्हा ते पोर एकवीस दिवस तापाने फणफणलं होतं. ती एकटी त्याला टांग्यात घालून एम.वाय. हॉस्पिटलात नेत होती आणि रात्री बसून ‘सर्व कुशल’ लिहीत होती, कारण तिकडे युद्धाची हवा होती. आजोबांना हे कळलं तेव्हा मूल शाळेत जाऊ लागलं होतं. देशासाठी काय दिलं याचा हिशेब करशील तेव्हा ते एकवीस दिवसही त्यात धर. त्यांना पदक नाही, म्हणून ते तुलाच लिहावे लागतील.

दसरा मैदानावरच्या मुलांबद्दल तू छान लिहिलं आहेस, तिथे मी फार हात लावलेला नाही. एक भर घाल. आजोबा निवृत्त झाले त्याच १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली. मिलच्या घरांतली पोरं शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून पहाटे सायकली मारत यायची. मैदानावर हा कोण म्हातारा शिट्टी घेऊन उभा असतो हे त्यांना माहीत नव्हतं, पण भरतीची तयारी फुकट करून घेतो हे एकाकडून दुसऱ्याला कळत गेलं. एक पूर्णांक सहा किलोमीटरची धाव, दहा पुलअप, नऊ फुटांचा खड्डा ओलांडायची उडी. खड्डा ते स्वतः टेपने मोजत. रोज मोजत, कारण पावसाने कडा ढासळतात आणि नऊचा साडेनऊ झाला तर पोराचं मन खचतं, साडेआठ झाला तर पोर भरतीत फसतं.

वर्षातून एकदा, १४ एप्रिलच्या आसपास, ते या मुलांना महूला बाबासाहेबांच्या जन्मस्थळी नेत. तिथे एकच सांगत, की बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते आणि इथल्या लष्करी शाळेत शिकवत होते. शिकवणं हेही फौजेचंच काम आहे. ही वाक्यं त्यांनी स्वतःसाठी जपलेली होती असं मला नेहमी वाटलं. महूला शिकवण्याचं काम मिळालं तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या काहींनी त्याला आरामाची नोकरी म्हटलं होतं, आणि ते त्यांना लागलं होतं.

सुभेदार या शब्दावरही दोन ओळी लिही, कारण स्मरणिका इंदुरात वाचली जाणार आहे. आपल्या शहरात सुभेदार म्हटलं की लोकांना मल्हारराव होळकर आठवतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं होतं, ‘बाई, तुमच्या शेजारचे सुभेदार राजवाड्यातले का?’ तो मराठेशाहीतला सुभा सांभाळणारा सुभेदार, आणि हा जवान आणि अधिकारी यांच्या मधला, जेसीओ म्हणतात त्या श्रेणीतला सुभेदार. नव्या पिढीला फरक सांगावा लागतो.

त्यांची एक चूकही लिही. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण दोष गाळलेल्या माणसावर कुणाचा विश्वास बसत नाही. उशीर त्यांना सहन होत नसे. एकदा देवासकडून एक बाई कागद घेऊन आली, तासभर उशिरा. त्यांनी दारातूनच परत पाठवली. मी ओट्यावरून पाहिलं आणि संध्याकाळी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बसने देवासला गेले, तिचं घर शोधलं, कागद घेतले, तिच्या सासूसमोर माफी मागितली आणि परत आले. वहीत ही नोंद आहे. पहिल्या रकान्यात वेळ आहे, आणि बाजूला, संबंध वहीत एकाच ठिकाणी, शेरा लिहिलेला आहे : ‘माझी चूक’.

लेखाची सुरुवात कुठून करायची असं तू विचारलं आहेस. जन्मतारखेपासून करू नकोस. वहीपासून कर, नाहीतर डब्यातल्या कुपनापासून. दहा मिनिटांत सगळं मावणार नाही, तेव्हा मैदान, पेन्शन, युद्ध, घर हे सगळं थोडं थोडं सांगण्यापेक्षा दोनच गोष्टी पुरत्या सांग. वाचताना आवाज दाटला तर थांब, पाणी पी. सभेतली सगळी आपलीच माणसं आहेत. आणि लिहिलेलं आधी आजीला वाचून दाखव, छापखान्याला नंतर.

रविवारी चारनंतर ये, तोवर आजीची झोप झालेली असते. वही घेऊन ये. मला तिच्यात माझ्या वडिलांच्या नावाची नोंद बघायची आहे. तिसरा रकाना रिकामा असणार हे मला माहीत आहे. तो तसाच राहू दे. दुसऱ्यात किती तारखा आहेत तेवढ्या मला मोजायच्या आहेत.

तुझ्या,
बाई